एक पाय धुतला, एक राहिला

मु. पो. कवठाथडी, ता. अहमदपूर, जि. लातूर
(हात अजून सवयीने जि. उस्मानाबाद लिहितो. वरची खाडाखोड त्याची आहे, माझ्या वयाची नाही.)
शनिवार, २३ एप्रिल १९८३

मित्रवर्य रामकिशनराव यांच्या सेवेशी,

नांदेडला तुमच्या उंबऱ्यापर्यंत गुरुपादप्पाचा ‘शरणु शरणार्थी’ हा नमस्कार पोचावा, आणि वहिनींना माझा आणि गौरम्माचा हात जोडून नमस्कार सांगावा. तुमच्या गुडघ्याचं कसं काय? मागच्या कार्डात ‘गुडघा दुखतो’ एवढंच लिहिलंत, कोणता ते लिहिलं नाहीत. (एकवचन वापरलंत, त्या अर्थी दुसरा बरा असावा असं मी धरून चाललो आहे. तुम्ही वचनात चुकणार नाही.) इकडे माझी प्रकृती पाण्यावर अवलंबून आहे आणि पाणी सरकारवर, तेव्हा काय ते समजून घ्यावं. गौरम्मा बरी आहे. मध्यंतरी चार दिवस ती माझ्याशी बोलत नव्हती, पण त्याचं कारण प्रकृतीचं नव्हतं. ते ओघात येईलच.

तुम्ही विचाराल, की हा गुरुपादप्पा रिटायर होऊन स्वस्थ पडायचं सोडून आता काय करून राहिला? तर ऐका. आमच्या गावाच्या नावात थडी आहे, म्हणजे नदीचा काठ. काठ आहे, नदी यंदा नाही. गावात विहीर एकच, आणि तिचा तळ फेब्रुवारीत दिसला. मी टँकरसाठी सात अर्ज लिहिले. रामकिशनराव, काय अर्ज होते ते! एक ऱ्हस्व इकडचा तिकडे नाही, एक अनुस्वार वाया गेलेला नाही. सातही अर्जांना एकच उत्तर आलं, की दप्तरी नोंदीनुसार मौजे कवठाथडीच्या विहिरीस बारमाही पाणी आहे, सबब टँकरची आवश्यकता नाही. नवा जिल्हा झाला, कचेऱ्या नव्या झाल्या, खुर्च्या नव्या आल्या. कागद तेवढे जुने ट्रकमधून आले, आणि त्या कागदांत आमची विहीर अजून तुडुंब आहे. आम्ही पोहरा कागदात सोडायचा तेवढा राहिला होता.

अशात होळीच्या आधी अण्णाराव आले. अण्णाराव म्हणजे आमचे शिक्षण विस्तार अधिकारी. माणूस वाईट नाही, पण वरून आलेल्या योजनेला नाही म्हणायची त्यांच्या जिभेला सवयच नाही. योजना अशी, की नव्या जिल्ह्याला स्वतःचा लेखक नाही, तो असावा. त्यासाठी नवलेखकांचं शिबिर भरवायचं, आणि ते दुष्काळी गावात भरवायचं, म्हणजे दुष्काळाचंही काम झाल्यासारखं दिसेल. व्याकरण शिकवायला निवृत्त मराठी शिक्षक म्हणून मला धरलं. मी आदेश वाचला. कलम चार: शिबिर चालू असेपर्यंत शिबिरार्थींच्या सोयीसाठी दररोज एक टँकर पाणी पुरवण्यात यावे. कलम नऊ: नूतन जिल्ह्यास किमान एक लेखक प्राप्त झाल्याचे बाह्य परीक्षकाने प्रमाणित करताच शिबिर सफल समजून समाप्त करण्यात यावे. बाकीची कलमं टाळ्या, हार आणि फोटो यांची होती. जे गाव तहानेनं मेलं तरी चालणार होतं, त्या गावाला कथा लिहायची म्हटल्यावर दारात पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी कवठाथडीत लेखक नाही असं घर उरलं नाही. पाणी शिबिरार्थीलाच, त्यामुळे दर घरचा एक माणूस साहित्यात उतरला. एका काखेत घागर, दुसऱ्या काखेत वही, अशा बाया शाळेच्या ओसरीवर सकाळी सातला हजर. धोंडप्पा दुकानदारानं सात घागरी मिळाव्यात म्हणून घरातल्या सातही जणांची नावं घातली, त्यात त्याची सासूपण आहे, जी मुळात मुरुडची आणि चार दिवसांची पाहुणी आहे. (तिची कथा बरी आहे. जावयावर आहे.) मी फळ्यावर विरामचिन्हं काढायचो, आणि समोरची सगळी साहित्यिक मंडळी कान टवकारून टँकरचा आवाज ऐकायची. टँकर आला की पूर्णविराम. माझ्या तीस-बत्तीस वर्षांच्या नोकरीत एवढी हजेरी मला कधी लाभली नव्हती, आणि एवढं दुर्लक्षही.

एक दिवस शहरातून एक कथाकार पाहुणे आले. मानेवर रुळणारे केस, खांद्याला झोळी. ते म्हणाले, व्याकरण विसरा, शुद्धलेखन जाळा, फक्त गोष्ट सांगा, वाचक खिळून राहिला पाहिजे. मी तिथंच बसलो होतो हो! माझं पित्त असं खवळलं की विचारू नका. मग त्यांनी खिळवणारी गोष्ट कशी असते ते दीड तास समजावून सांगितलं, आणि पहिल्या अर्ध्या तासातच निम्मी ओसरी डुलक्या घेऊ लागली. मला मनातून बरं वाटलं. (पण खोटं कशाला लिहू? माझ्या तासालाही तेवढीच झोपते. आम्हा दोघांत फरक एवढाच, की माझ्या तासाला लोक शुद्ध झोपतात.)

आता माझ्या हातून काय झालं ते सांगतो. तुम्ही ते समजून घ्याल, म्हणजे घेणारा तुमच्याशिवाय दुसरा माणूस दोन्ही जिल्ह्यांत नाही. शिबिराचा तो आदेश मी घरी निवांत वाचला आणि माझे डोळे फिरले. तेरा चुका! शासनाचा कागद, खाली सही, वर शिक्का, आणि शुद्धलेखनाच्या कागदावर तेरा चुका. मला राहवलं नाही. लाल शाईनं सगळ्या दुरुस्त केल्या, समासात नियमांचे क्रमांक घातले, खाली ‘पुन्हा लिहून आणावे’ असा शेरा मारला आणि आदेश टपालानं परत पाठवून दिला. कचेरीत तो कारकुनाच्या हाती पडला. लाल शाईनं रंगवून परत आलेला कागद म्हणजे काय, हे त्याला एकच माहीत. त्यानं आवकेत नोंद केली: मौजे कवठाथडी ग्रामस्थांची शिबिरास हरकत. आणि टँकर बंद.

रामकिशनराव, त्या चार दिवसांत मी दिवसाउजेडी घराबाहेर पडलो नाही. पडलो असतो तर परत आलो नसतो. बाया रिकाम्या घागरी घेऊन आमच्या दारात बसल्या. कुणी शिव्या दिल्या नाहीत, त्याचंच जास्त लागलं. गौरम्मानं एकदाच तोंड उघडलं, म्हणाली, “तेरा चुका दिसल्या तुमास्नी, चौदावी न्हाई दिसली व्हय?” मी लगोलग खुलाशाचा अर्ज लिहिला, पूर्वीच्या सातांपेक्षाही निर्दोष. पहाटे अंधारातच निघून तालुक्याला स्वतः जाऊन दिला. साहेबांनी वरची ओळ वाचली, जांभई दिली आणि पेपरवेट ठेवला.

चौथ्या दिवशी नागुबाई आली. नागुबाई म्हणजे वेशीजवळच्या घरातली, पंचावन्नच्या पुढची विधवा. लेकीच्या पाटीवरून अक्षरं गिरवून शिकलेली, त्यामुळे तिच्या अक्षरांना अजून पाटी आणि कागद यांतला फरक कळत नाही. म्हणाली, “गुरुजी, एक कागद द्या, मी लिव्हते.” मी म्हटलं लिही बाई, आता बिघडायचं काय राहिलंय? तिनं लिहिलं, की आमच्या विहिरीत एक म्हातारा बेडूक होता, सासूच्या काळापासूनचा. पाणी खाली गेलं तसा तो खाली गेला, चिखल झाला तेव्हा चिखलात बसला, आणि आता चिखल वाळला म्हणून परवा पायरी पायरीनं वर आला, आम्हा साऱ्या बायांकडं एकदा बघितलं आणि गाव सोडून गेला. साहेब, त्याला पाय होते, आमची लेकरं कुठं जातील? ह्यात एकही विरामचिन्ह नव्हतं. ‘पाणी’ हा शब्द पाच वेळा आला होता आणि पाचही वेळा निराळा लिहिला होता. माझा हात खिशातल्या लाल पेनाकडे गेला, पण गौरम्मा दारात उभी होती.

कागद तसाच त्याच दिवशी तालुक्याला गेला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. व्यंकटी ड्रायव्हर म्हणाला, की कारकुनानं तो अर्ज भर कचेरीत मोठ्यानं वाचला, शिपाई चहा ठेवून ऐकत उभा राहिला, आणि साहेबांनी अर्जावर दोन ओळी लिहिल्या. पहिली: बेडकाचे पुढे काय झाले? दुसरी: टँकर तात्काळ चालू करावा. माझे आठ अर्ज, रामकिशनराव, आठ! आणि तिचा एक बेडूक.

तेव्हापासून मी तिच्या वहीकडे लक्ष ठेवून होतो, म्हणजे चुका काढायला. गेल्या आठवड्यात तिनं कथा लिहून दिली. बहात्तर सालची हकिकत. दुष्काळात तिच्या लेकीचं लग्न निघालं. वऱ्हाड दारात आलं, व्याह्यांचे पाय धुवायचे, आणि घरात पाणी एक तांब्या. नागुबाईनं लिंबाजी व्याह्याचा उजवा पाय धुतला, आणि डावा पुढं आला तसं साऱ्या मांडवादेखत सांगितलं, की हा पाऊस पडल्यावर धुईन, तवर आपलं येणं-जाणं ऱ्हाईल. लिंबाजी रागावला नाही, मोठ्यानं हसला, आणि एक पाय पांढरा, एक पाय धुळीचा असा सगळं लग्न हिंडला. पुढं पाऊस पडला, पण त्याला यायला जमेना. कधी पेरणी, कधी बैल आजारी. बाजारात भेटला की लांबूनच ओरडायचा, “इहीणबाई, माजा एक पाय तुमच्याकडं ऱ्हायलाय बरं का!” असं दहा वर्षं. यंदा माघात तो वारला. नागुबाईनं चार घरांतून वाटी-वाटी पाणी मागून तांब्या भरला, तीन कोस चालत गेली, आणि प्रेताला आंघोळ घालण्याआधी लोकांना थांबवून त्याचा डावा पाय धुतला. शेवट तिनं असा केलाय: व्याही दोनी पायानं गेला माजं देनं फिटलं पन येनं जानं बी संपलं.

मी सांगितली त्यात गोष्टीचा निम्मा जीव गेला, हे मला कळतंय. मी लाल पेन उघडून बसलो होतो. पहिल्या ओळीत तीन खुणा केल्या, दुसरीत एक. त्यानंतर तीन पानं कोरी आहेत. मी पेन उघडाच धरून वाचत गेलो, आणि शेवटी बघतो तर पेनाचं टोक सुकलेलं आणि माझे डोळे ओले. गौरम्मानं विचारलं काय झालं. मी म्हटलं, काही नाही, शाई संपली. आपण दोघं निजामाच्या राज्यात उर्दूत शिकलो. पोलीस ॲक्शननंतर नोकरी टिकवायची म्हणून तुमच्या नांदेडच्या खोलीत एका उन्हाळ्यात मराठी व्याकरण पाठ केलं, आणि पुढची सगळी वर्षं, आईच्या दुधाबरोबर मराठी ज्यांच्या पोटात गेली त्यांना चुकीचं ठरवण्यात घालवली. किती नागुबायांच्या वह्या मी लाल करून परत दिल्या असतील? मोजवत नाही हो. लाज वाटते.

असो. पत्र लांबलं. मुख्य गोष्ट कळवायची ती ही, की शिबिराची परीक्षा सोमवारी, दोन मे रोजी आहे, आणि बाह्य परीक्षक म्हणून तुमची नेमणूक झाल्याचं अण्णारावांनी सांगितलं. ऐकून फार आनंद झाला. सकाळच्या एस.टी.नं लोह्यावरून अहमदपूरला यावं, मी स्टँडवर बैलगाडी घेऊन उभा असेन. येताना अर्धापूरची केळी आणलीत तर गौरम्माला आवडतील. परीक्षेबाबत माझं काहीच म्हणणं नाही. जुनी ओळख मधे न आणता तुम्ही निःपक्षपातीपणे निकाल द्यावा, एवढीच अपेक्षा.

तुमचा, लोभात जराही बदल न झालेला,
गुरुपादप्पा

ता. क. – वरची शेवटची दोन वाक्यं फाडून टाकावीत. रामकिशनराव, एकालाही पास करू नका. कलम नऊ पुन्हा वाचा. एक लेखक निघाला, की हार, फोटो आणि टँकर बंद. मृगाला अजून दीड महिना आहे, आणि तो कोरडा गेला तर देव जाणे. बाकीच्यांची काळजी नाही, ते मनापासून वाईट लिहितात, धोंडप्पाची सासू धरून. भीती फक्त नागुबाईची आहे. मी तिला म्हटलं, परीक्षेत काहीतरी रटाळ लिही. तिनं दोन दिवस खटपट केली, रटाळ म्हणून लिहिलेलं वाचून दाखवलं, तर सारी ओसरी पोट धरून हसली. म्हणाली, “मला तसलं जमंना झालंय गुरुजी.” तेव्हा आता सगळं तुमच्यावर आहे. तुम्ही तुमच्या सासऱ्यांच्या दुखवट्याच्या पत्रातल्या चुका दुरुस्त करून ते सासुरवाडीला परत पाठवणारे गृहस्थ. तो रामकिशन मला सोमवारी हवा आहे. तिची वही हातात आली की अर्थाकडे बघू नका, फक्त वेलांट्या बघा. वाक्य पूर्ण वाचूच नका. पेन झाकू नका, सुकू देऊ नका. चुका शंभराच्या वर निघतील, प्रामाणिकपणे नापास करता येईल. आपल्या व्याकरणाचा कुणाला तरी उपयोग व्हायची ही पहिलीच वेळ आहे, ती दवडू नका.

ता. क. २ – हे मी तिच्या पाठीमागे लिहीत नाही. तिला सगळं सांगितलं. मला वाटलं वाईट वाटेल. ती घागर कडेवर घेऊन उभी होती, म्हणाली, “मला नापास करा गुरुजी, पन त्या सायबास्नी ईचारा, गोष्ट चांगली हाय का न्हाई. कागदावर नगं. तोंडानं सांगितलं तरी चालतंय.” तेव्हा निकाल लावून झाल्यावर, अण्णाराव चहाला गेले की, जरा ओसरीच्या मागच्या बाजूला जाऊन तिला सांगा.

ता. क. ३ – ह्या पत्राचा पहिला खर्डा चार ओळींचा होता: आपण सर्व शिबिरार्थींना अनुत्तीर्ण करावे ही विनंती. निर्दोष होता. गौरम्मानं तो नागुबाईला वाचून दाखवला. नागुबाई म्हणाली, ह्यानं कोन नापास करतंय, माणसाला आधी सारं सांगावं लागतंय. म्हणून हे एवढं. काही चुका राहिल्या असतील, मी पुन्हा वाचलेलं नाही.

ता. क. ४ – शेवटचं. तुम्ही आलात की दारात गौरम्मा तुमचा एकच पाय धुईल. कोणता ते तुम्ही ठरवा, दुखरा गुडघा ज्याचा असेल तो द्या. दुसऱ्यासाठी पाऊस पडल्यावर यायचं, आणि त्या वेळी नागुबाईचा निकाल बदलून जायचा, लेखी, सहीनिशी. लिंबाजीसारखा उशीर तेवढा करू नका. तुम्हीही साठीचे, मीही साठीचा.